रूळ उलटून येतो तेव्हा

पुण्यात कोथरूडला १९९८ साली सुरू झालेले लघुरेल्वेचे संग्रहालय आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. टेबलावरची ती गाडी मुलांचा खेळ वाटते. पण अशा गाड्यांच्या रुळांत एक पेच असतो, तो भल्याभल्यांना घाम फोडतो.

एचओ मापाची गाडी खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याची, रुळांतले अंतर १६.५ मिलिमीटर. साध्या पद्धतीत सुमारे १२ व्होल्टचा एकदिश प्रवाह एका रुळाने येतो, मोटारीतून फिरून दुसऱ्या रुळाने परत जातो. म्हणून दोन रूळ एकमेकांना भिडता कामा नयेत. मुंबईच्या लोकलला ही पंचाईत नाही. तिला वीज वरच्या तारेतून मिळते आणि परतीला दोन्ही रूळ चालतात.

शॉर्टसर्किट झाले की नवशिका आधी इंजिन उघडतो. ते शेवटी करावे. प्रथम गाडी रुळांवरून पूर्ण उचलावी. दोष गेला तर तो गाडीतच. बहुधा धातूच्या बोगीत एखादा आस उलटा बसलेला असतो. दोष राहिला तर रुळांवर टाचणी, स्क्रू पडला आहे का पाहावे, मग मार्गाच्या तारा एकेक भाग सोडवून दोष कोठल्या भागात आहे ते शोधावे.

आणि कधी कधी काहीच सापडत नाही. रूळ स्वच्छ, तारा ठीक, तरी खटका दाबताच शॉर्ट! अशा वेळी कागदावर मार्ग काढावा आणि डावा रूळ लाल, उजवा निळा रंगवत जावे. गाडी सांध्यातून वळशात शिरून त्याच सांध्याने परत येत असेल, तर लाल रूळ फिरून थेट निळ्याला येऊन मिळतो. येथे काही बिघडलेले नाही. मार्गाचा आकारच तसा आहे. त्रिकोणी मार्गातही हेच होते.

उपाय असा : वळशाच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापून मध्ये प्लास्टिकचे जोड घालावेत. हा तुटक भाग सगळ्यात लांब गाडीपेक्षा लांब हवा, नाहीतर पुढची धातूची चाके एक फट ओलांडत असताना मागची चाके दुसऱ्या फटीवर असतील. वळशाला वीज वेगळी द्यावी. गाडी पूर्ण आत आली की मुख्य मार्गाची दिशा दुहेरी खटक्याने उलटवावी आणि सांधाही फिरवावा. वळशातली वीज बदलत नाही, म्हणून गाडी न थांबता बाहेर पडते. आताच्या डिजिटल पद्धतीत हे काम एक छोटी पेटी आपोआप करते.

जर्मनीच्या मार्क्लिन कंपनीच्या तीन वाहकांच्या मार्गावर हा प्रश्नच उद्भवत नाही : वीज मधल्या ठिपक्यांतून येते आणि दोन्ही रूळ एकाच बाजूचे. मग सर्वांनी तेच का घेतले नाही? कारण खऱ्या रुळांमध्ये ठिपके नसतात, आणि हौशी माणसाला ते खुपतात.