अडतीसांतला एक

भारतात दारू पिणारे साधारण १६ कोटी. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या व्यसनोपचार केंद्राने देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला, त्यातला हा आकडा. पाहणी १० ते ७५ वयाच्या लोकांची. पुरुषांत पिणारे २७.३ टक्के, बायकांत १.६ टक्के. या १६ कोटींपैकी ५ कोटी ७० लाखांचं पिणं नुकसान करण्याच्या पातळीला गेलेलं, आणि त्यातलेही २ कोटी ९० लाख दारूवर पुरते अवलंबून. एवढं वर्तमानपत्रांत ठळक छापून आलं. त्याच अहवालात आणखी दोन छोटे आकडे आहेत, त्यांच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. दारूवर अवलंबून असलेल्यांपैकी कसलाही उपचार मिळालेला माणूस ३८ जणांमागे एक. इस्पितळात राहून उपचार घेतलेला १८० जणांमागे एक.

उरलेल्या ३७ जणांबद्दल आपल्याकडे निदान तयार असतं : त्यानं मनावरच घेतलं नाही. हे सासरा म्हणतो, ऑफिसातला साहेब म्हणतो आणि मुख्य म्हणजे पिणारा स्वतःही म्हणतो. तो तर पुरावाही देतो. आषाढी अमावास्येला गटारी दणक्यात होते, दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो आणि महिनाभर हा थेंबाला शिवत नाही. मग गणपती उरकले की, “बघ, महिना काढला ना? मनात आणलं तर कधीही सोडीन.”

महिना त्यानं काढला हे खरंच आहे. पण त्या महिन्यात घरात सामिष बंद, रोजचे दोन सोबतीही बंद, ‘बसायचं का?’ असा फोन कुणाचा येत नाही. एकटा त्याचा निश्चय मोजायचा तर हा महिना त्या कामाचा नाही. आणि ज्याला सकाळी उठल्याउठल्या लागते, त्याने श्रावणाच्या मुहूर्तावर एकदम थांबवणं जिवावरही बेतू शकतं. दारू मेंदूला सुस्त करते. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू त्या सुस्तीला तोंड द्यायला आपली उत्तेजना वाढवून ठेवतो. दारू अचानक थांबली की सुस्ती जाते आणि ती वाढलेली उत्तेजना तेवढी मागे राहते. हात थरथरतात, घाम सुटतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांनी काहींना भास होतात, आपण कुठे आहोत याचं भान राहत नाही. दारू तोडताना इस्पितळात दाखल होणाऱ्यांपैकी सुमारे ३ ते ५ टक्क्यांची गत अशी होते. या अवस्थेत त्याच्या मनाच्या ताकदीची परीक्षा कसली घ्यायची? त्याला औषध लागतं आणि शेजारी कुणीतरी जागं लागतं.

आता उलट बाजूचे आकडे, कारण ‘मनावर घेतलं की सुटते’ म्हणणाऱ्यांच्या बाजूनेही भक्कम आकडे आहेत. अमेरिकेत एका राष्ट्रीय पाहणीत ९.१ टक्के प्रौढ म्हणाले की, दारूचा किंवा अमली पदार्थांचा आमचा त्रास होता, आता नाही. म्हणजे सुमारे २ कोटी २३ लाख माणसं. त्यांतल्या ४६ टक्क्यांनी डॉक्टर, औषध, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा यांपैकी कशाचीही मदत घेतली नव्हती. तिथल्याच आणखी एका मोठ्या अभ्यासात, कधीकाळी दारूवर अवलंबून असलेले ४,४२२ लोक निवडले. चालू वर्षातही अवलंबून असलेले त्यांत निघाले फक्त २५ टक्के. आणि आयुष्यात केव्हाही उपचार घेतलेलेही साधारण तेवढेच, २५.५ टक्के. म्हणजे बरेच जण आपले आपण सावरले.

या आकड्यांनी उपचारवाल्यांची पंचाईत होते, आणि व्हायलाही हवी. मात्र आपले आपण सावरलेल्यांत सौम्य व्यसनवाल्यांचा भरणा जास्त असतो, मदत घेतलेल्यांचा आजार सरासरीने जास्त जुना आणि जास्त अवघड असतो. शिवाय ‘आपले आपण’ म्हणजे हवेत नव्हे. लग्न ठरलं, नोकरी बदलली, बदली दुसऱ्या गावी झाली, डॉक्टरांनी यकृताचा रिपोर्ट पुढे ठेवला, असं काहीतरी आजूबाजूला घडलेलं असतं. पाहणीच्या रकान्यात ते ‘मदत’ म्हणून धरलं जात नाही, एवढंच.

आजूबाजूच्या या गोष्टींचं वजन किती, हे एका युद्धाने जवळजवळ प्रयोगशाळेतल्यासारखं मोजून दिलं.

१९७१ मध्ये अमेरिकेत घबराट पसरली होती. व्हिएतनाममध्ये सैनिक हेरॉइन ओढताहेत, हे सगळे व्यसनी होऊन घरी येणार, अशी. तिथे माल स्वस्त आणि इतका शुद्ध होता, की सुई न टोचता सिगारेटीत भरूनही नशा चढे. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी जून १९७१ मध्ये खास कार्यालय उघडलं, मानसोपचारतज्ज्ञ जेरोम जाफी यांना प्रमुख नेमलं, आणि परतीच्या विमानात बसण्याआधी प्रत्येक सैनिकाची लघवी तपासायचा हुकूम निघाला. तपासणीत सापडेल त्याचं घरी जाणं लांबेल. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ली रॉबिन्स यांनी सप्टेंबर १९७१ मध्ये परतलेल्यांतून नमुना काढला आणि जवळपास ९०० जणांना वर्षभराच्या आत गाठून मुलाखती घेतल्या. नुसत्या तोंडी जबाबावर विसंबल्या नाहीत, लघवीचे नमुनेही घेतले.

तिथे असताना साधारण ४५ टक्क्यांनी अफू किंवा हेरॉइन चाखलं होतं. व्यसन लागलेले होते २० टक्के, दर पाचांत एक. मायदेशी पहिल्या वर्षात या व्यसनींपैकी पुन्हा व्यसनात पडलेले किती? ५ टक्के. तीन वर्षांत १२ टक्के, तेही काही काळापुरते. हे कुणाला पटेना. त्याच काळात केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी इस्पितळातून बाहेर पडणारे हेरॉइनचे रुग्ण बहुतेक सगळे परत त्याच वाटेला लागत होते. रॉबिन्स यांच्या आकडेवारीवर संशय घेतला गेला, पण आकडे टिकले.

त्यातला मला सगळ्यात बोलका वाटतो तो वेगळाच आकडा. व्हिएतनाममध्ये व्यसन लागलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी घरी आल्यावर पुन्हा हेरॉइन घेतलं होतं. शपथ मोडली म्हणा ना. तरी पुन्हा अडकले ते आठांत एक. पोरं तीच होती आणि वर्षभरात कुणाच्या मनोबलात चमत्कार झाला नव्हता. बदललं होतं ते भोवतालचं जग. माल महाग आणि भेसळीचा झाला, तो घ्यायला सुई आणि मिळवायला अनोळखी वस्ती आली, रात्रीच्या पहाऱ्याची भीती आणि दिवसाचा कंटाळा संपला, सोबत ओढणारे देशभर पांगले आणि समोर आई-बाप उभे राहिले.

आपल्या माणसाला मात्र व्हिएतनाम सोडून येता येत नाही. शनिवारी पगार हातात पडतो. एसटी स्टँडवरून घराकडे जायच्या वाटेवर देशी दारूचं दुकान, त्याच्या पलीकडे परमिट रूम, दोन्हीकडे ओळख. खिशात पैसे नसले तर उधारीची वही आहे. भुर्जीच्या गाडीवाला न विचारता प्लेट पुढे करतो. या वाटेवरून तो आठवड्यातून सहा संध्याकाळी चालणार आणि सहाही वेळा ‘नको’ म्हणणार, अशी आपली अपेक्षा. पाच वेळा म्हटलं तरी सहाव्याचा हिशेब घरी होतो.

स्वतःवर ताबा असलेली माणसं मोहाला जास्त वेळा ‘नको’ म्हणतात, अशी आपली समजूत असते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी जर्मनीतल्या २०५ प्रौढांना बीपरसारखं उपकरण देऊन दिवसातून अनेकदा विचारलं, आत्ता कशाची इच्छा होतेय, ती अडवताय का? ७,८२७ नोंदी जमल्या. ज्यांचा स्वतःवरचा ताबा चांगला, ते मोह कमी वेळा अडवत होते. कारण मोहाशी त्यांची गाठच कमी पडत होती. त्यांनी वाटच दुसरी धरलेली होती.

आपल्या वारकऱ्यांना यासाठी जर्मन उपकरण लागलं नसतं. ‘त्यानं माळ घातली’ असं गावात म्हणतात तेव्हा त्यात दारू सोडण्याचा निश्चय असतोच, पण तो सर्वांत लहान भाग. तुळशीची माळ गळ्यात दिसते, म्हणून गुत्त्यावाला स्वतःहून ग्लास पुढे करत नाही आणि जुने सोबती आग्रह करायला कचरतात. संध्याकाळचे नेमके पिण्याचे दोन तास हरिपाठाला जातात. नवे सोबती मिळतात, आषाढात दिंडी असते, आणि घसरला तर सगळ्या गावाला कळतं. बायकोच्या डोक्यावर हात ठेवून रात्री घेतलेल्या शपथेत यातलं काहीच नसतं. ती शपथ खोटी नसते, फक्त उद्या संध्याकाळी साडेसहाला तिच्या मदतीला कुणी येत नाही.

औषधाची बाजू पाहायची तर स्वीडनचा २००३ मधला प्रयोग पुरे. हेरॉइनचे ४० रुग्ण, समुपदेशन आणि गटचर्चा सर्वांना सारखी आणि कसून. फरक एवढाच, की २० जणांना रोज ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे अफूवर्गातलंच पण तलफ शमवणारं औषध, तर २० जणांना काही दिवसांनी नुसती दिसायला तशीच गोळी. वर्षअखेरीस औषधवाल्यांतले ७५ टक्के उपचारात टिकून होते. दुसऱ्या गटातला एकही नाही, आणि त्यांतले चौघे मेले होते. ‘एक नशा सोडवून दुसरी लावली’ असा टोमणा या उपचाराला आपल्याकडे अजून ऐकू येतो. तो मारणाऱ्यांनी या चौघांचा विचार करावा. निश्चय त्यांचाही होता, तो नसता तर ते प्रयोगात आलेच नसते.

पुन्हा पिणं सुरू झालं की घरचे म्हणतात, पैसे पाण्यात गेले. अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात २००० मध्ये आलेला एक तुलनात्मक आढावा सांगतो, की व्यसनाच्या उपचारानंतर ४० ते ६० टक्के लोक पुन्हा घेऊ लागतात. उच्च रक्तदाब आणि दमा यांत पुन्हा उसळी येण्याचं प्रमाण ५० ते ७० टक्के. बीपी वाढलं म्हणून कुणी आजोबांना ‘तुमच्यात दमच नाही’ म्हणत नाही, गोळी बदलतात.

किती प्रयत्न लागतात? वर आलेल्या त्याच राष्ट्रीय पाहणीत सावरलेल्यांना हे विचारलं. सरासरी ५.३५. हा आकडा ऐकून हातपाय गळतील, पण सरासरी फसवते. काही थोड्यांना फार वेळा झगडावं लागलं, त्यांनी ती वर ओढली. सगळ्यांना रांगेत उभं करून मधल्या माणसाला विचारलं तर उत्तर येतं २.

आणि किती वेळ लागतो? शिकागोत उपचाराला आलेल्या हजाराहून अधिक लोकांचा आठ वर्षं माग काढला गेला. सोडून वर्ष न झालेल्यांपैकी पुढचं वर्ष तसंच राहिले ३६ टक्के. एक ते तीन वर्षं काढलेल्यांत ६६ टक्के. तीन वर्षांच्या पुढे गेलेल्यांत ८६ टक्के. पहिलं वर्ष ओलांडलं की पारडं फिरतं. पुण्याच्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रात आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांमध्ये व्यसनमुक्तीचा वाढदिवस साजरा करतात, त्याकडे बाहेरचे जरा कौतुकाने, जरा गंमत म्हणून पाहतात. वरचे आकडे पाहता एक वर्षाचा तो वाढदिवस अगदी नेमक्या ठिकाणी बेतलेला आहे. ‘मुक्तांगण’ १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू केलं, ते मुंबई-पुण्याच्या पोरांत गर्द (ब्राउन शुगर) शिरला त्या काळात. दाखल झाल्यावरचे दिवस मोजके, पाठपुरावा मात्र लांबलचक, आणि बायकोलाही बोलावून घ्यायचं, ही तिथली रीत शिकागोच्या तक्त्याशी जुळते.

असे निवासी उपचार २ कोटी ९० लाखांना पुरतील, हे शक्य नाही. म्हणून गोव्यातला प्रयोग नीट पाहायला हवा. गोव्यात १५ वर्षांवरच्या पुरुषांत पिणारे ३६.९ टक्के, महाराष्ट्रात १३.९ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९ ते २१). तिथल्या ‘संगत’ या संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत धोकादायक पातळीला पिणाऱ्या ३७७ पुरुषांचे दोन गट करून एका गटाला समुपदेशन देऊन पाहिलं. समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी माणसं. बैठका जास्तीत जास्त चार. तीन महिन्यांनी, आधीचे दोन आठवडे अजिबात न प्यायलेले समुपदेशन गटात ४२ टक्के, नेहमीच्या उपचाराच्या गटात १८. धोक्याच्या पातळीखाली आलेले अनुक्रमे ३६ आणि २६ टक्के. वर्षानंतर हाच आकडा ५४ आणि ३२. यश सरसकट नाही : जे पीतच राहिले, त्यांचं पिण्याचं प्रमाण यामुळे कमी झालं नाही.

या ३७७ जणांतले बहुतेक दारू सोडायची म्हणून आरोग्य केंद्रात आले नव्हते. ताप, अंगदुखी, पोटाची तक्रार, कुणी सोबत म्हणून आलेला. ओपीडीच्या रांगेतल्या पुरुषांना जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची यादी विचारली आणि त्यातून हे सापडले. बऱ्याच जणांचा निश्चय झालाच तर तो चौकशीनंतर झाला, आधी नव्हे. महाराष्ट्रात प्राथमिक आरोग्य केंद्रं १,८०० च्या वर आहेत. दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधता बांधता हे दहा प्रश्न विचारून होतात.