वेल्डर व्हायचंय? मग आधी हे शिका

श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत आखातातल्या कमाईवर चूल पेटली, बहिणींची लग्नं झाली. आजही शाळेत दाखला न्यायला आलेली मुलं आम्हाला सांगतात, ‘वेल्डिंग शिकून बाहेर जाणार.’ इरादा चांगला आहे. पण ‘वेल्डिंग येतं’ म्हणजे नेमकं काय येतं, हे घरात फारसं कुणी विचारत नाही. कंपनीच्या ट्रेड टेस्टमध्ये मात्र तेच पाहिलं जातं.

आधी जोड समजून घेऊ. ते मुख्यतः पाच. दोन प्लेटा कडेला कड लावून जोडल्या तर बट. एकीवर दुसरी थोडी चढवली तर लॅप. एक आडवी, तिच्यावर दुसरी उभी, तो टी. पेटीच्या कोपऱ्यासारखा तो कॉर्नर, आणि दोन्ही प्लेटा समांतर ठेवून त्यांच्या कडा जोडल्या तर एज. बट जोडात प्लेट जाड असेल तर कडा तासून ‘व्ही’सारखी खाच करावी लागते, नाहीतर धातू तळापर्यंत पोचत नाही. लॅप जोड सोपा. पण आपल्या खाऱ्या हवेत दोन पत्र्यांमधल्या फटीत पाणी साचतं आणि आतून गंज धरतो. म्हणून किनाऱ्यावर तो चारी बाजूंनी बंद केलेला बरा.

आता स्थिती. वितळलेलं लोखंड पाण्यासारखं खाली ओढलं जातं, सारी मेहनत तिथेच आहे. प्लेट टेबलावर सपाट असेल तर १जी. उभ्या प्लेटांवर आडवा जोड, २जी. खालून वर जाणारा उभा जोड, ३जी. डोक्यावरचा, ४जी. ‘जी’ म्हणजे खाचेचा जोड. टी आणि लॅपच्या कोनातल्या जोडाला ‘एफ’ लावतात. डोक्यावर काम करताना करंट जरा कमी आणि रॉड धातूच्या अगदी जवळ ठेवावा लागतो, नाहीतर थेंब अंगावर पडतात. पाइपाची ६जी सर्वांत अवघड: पाइप ४५ अंशांत पक्का बांधलेला, तो फिरवायचा नाही, आपणच भोवती फिरायचं. एकाच जोडात सगळ्या स्थिती येतात, म्हणून ही परीक्षा पास झालेल्याला मोठी मागणी.

गावातल्या दुकानात जाळ्या-गेट करणारा मुलगा बहुतेक काम सपाट ठेवूनच करतो. तो वेल्डर म्हणून टेस्टला जातो, ३जीला अडकतो आणि मग हेल्परच्या पगारावर राजी होतो. तोवर आईच्या बांगड्या गहाण पडलेल्या असतात.

आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे आणि आठवी पास मुलालाही त्यात प्रवेश मिळू शकतो. प्रमाणपत्र हाती असेल तर डोलवीचा पोलाद कारखाना, थळचा खत कारखाना अशा जवळच्या ठिकाणीही विचारता येतं. बाहेरच जायचं असेल तर एजंटची सरकारी नोंदणी तपासा. नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही.

आणि पैसे मोजण्याआधी एक करा. मुलाला उस्तादासमोर दोन प्लेटा उभ्या स्थितीत जोडायला सांगा. त्या जोडातून पट्टी कापून वाकवून पाहा. चिरली, तर अजून काही महिने सराव हवा. नाही चिरली, तर पासपोर्टच्या कामाला लागा.