बैलजोडी कोणाची?

राज्यकर्त्या पक्षात कलह माजला की लोक तो दोन व्यक्तींचा कलह समजतात. १९६९ साली काँग्रेस दुभंगली तेव्हाही तसेच झाले. एका बाजूस पंतप्रधान इंदिरा गांधी आणि दुसऱ्या बाजूस ‘सिंडिकेट’ या नावाने ओळखले जाणारे कामराज, निजलिंगप्पा, स. का. पाटील, अतुल्य घोष हे पुढारी, असे चित्र लोकांपुढे उभे राहिले. ते खोटे नव्हते. परंतु त्यामागे एक जुना प्रश्न होता. पक्षाने सरकारला वाट दाखवायची, की सरकारने पक्षाला?

सरकार आपणांस विश्वासात घेत नाही म्हणून आचार्य कृपलानींनी १९४७ सालीच अध्यक्षपद सोडले होते. १९५० मध्ये पुरुषोत्तमदास टंडन अध्यक्षपदी निवडून आले; वर्षभरातच त्यांना बाजूस व्हावे लागले आणि नेहरूंनी ते पद स्वतःकडे घेतले. वाद मिटल्यासारखा दिसला खरा, पण मिटला नव्हता. दोन्ही घरांच्या किल्ल्या एकाच कमरेला आल्या होत्या, इतकेच.

नेहरूंच्या पश्चात किल्ल्या पुन्हा वेगळ्या झाल्या. शास्त्रीजींच्या निधनानंतर, जानेवारी १९६६ मध्ये, इंदिरा गांधींनी मोरारजी देसाई यांचा ३५५ विरुद्ध १६९ मतांनी पराभव केला, तो संघटनेतील या वडीलधाऱ्यांच्या पाठबळावर. आपण बसविलेली व्यक्ती आपले ऐकेल, हा त्यांचा हिशेब. पण १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेस लोकसभेच्या ५२० पैकी २८३ जागांवर आली, आणि कामराज, पाटील व घोष हे तिघेही स्वतःच पडले. पक्षाचा लगाम ज्यांच्या हाती, त्यांनाच मतदारांनी नाकारले होते.

मे १९६९ मध्ये राष्ट्रपती झाकीर हुसेन निवर्तले आणि ठिणगी पडली. जुलैमध्ये बंगलोरला संसदीय मंडळाने संजीव रेड्डी यांची उमेदवारी पंतप्रधानांच्या इच्छेविरुद्ध बहुमताने ठरविली. यशवंतराव चव्हाणांचे मतही रेड्डींनाच पडले. त्यानंतरच्या घटना विलक्षण वेगाने घडल्या. १६ जुलैला मोरारजींकडून अर्थखाते काढून घेण्यात आले व त्यांनी राजीनामा दिला. १९ जुलैला वटहुकुमाने १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. सत्तेच्या झगड्याला तत्त्वाचे वस्त्र चढले ते येथे. इंदिराजींनी रेड्डींच्या अर्जावर सूचक म्हणून सही केली होती. पण मतदानाची वेळ आली तेव्हा पक्षादेश न काढता सदसद्विवेकबुद्धीनुसार मत देण्याची मोकळीक दिली. इकडे निजलिंगप्पांनी जनसंघ व स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांकडे दुसऱ्या पसंतीची मते मागून स्वपक्षीयांच्या हाती आयतेच कोलीत दिले. या दोन पक्षांचे उमेदवार चिंतामणराव देशमुख होते. पहिल्या मोजणीत कोणासच बहुमत मिळाले नाही. दुसऱ्या पसंतीच्या मतांवर व्ही. व्ही. गिरी निसटत्या फरकाने विजयी झाले.

१२ नोव्हेंबरला पक्षाने आपल्याच पंतप्रधानांना काढून टाकले. पण लोकसभेतील बहुसंख्य काँग्रेस सदस्य त्यांच्याच मागे उभे राहिले. चव्हाणही त्यांत होते. त्यांच्या या वळणावर पुष्कळ टीका झाली. मात्र मंडळातील मतभेद आणि पक्षाची फाळणी या दोन गोष्टी त्यांनी निराळ्या मानल्या असाव्यात, असे म्हणण्यास जागा आहे.

उरला प्रश्न बैलजोडीचा. काँग्रेस हे नाव व ते चिन्ह कोणाचे? १९६८ च्या निवडणूक चिन्हे आदेशातील परिच्छेद १५ नुसार हा निवाडा निर्वाचन आयोगाकडे आला. घटना पाहावी, तर ती आम्हीच पाळतो असे दोघेही म्हणणार. ध्येय पाहावे, तर दोघांचे एकच. तेव्हा आयोगाने संघटनेतील व विधिमंडळांतील संख्याबळ मोजले आणि जानेवारी १९७१ मध्ये इंदिरा गांधींच्या गटाच्या बाजूने कौल दिला. प्रकरण न्यायालयात गेल्याने मार्चच्या निवडणुकीत बैलजोडी कोणालाच मिळाली नाही. गायवासरू घेऊन इंदिराजींच्या पक्षाने ३५२ जागा जिंकल्या, आणि संघटना काँग्रेसच्या वाट्याला १६ आल्या. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा निर्णय उचलून धरला. त्याच परिच्छेद १५ खाली, २०२३ मध्ये धनुष्यबाणाचा आणि २०२४ मध्ये घड्याळाचा निर्णय आयोगाने दिला, तेव्हा महाराष्ट्रातील दोन पक्षांची शिरगणती झाली.