बैल विकला, तरी पोळा आपला!



आमच्या काष्टीला दर शनिवारी जनावरांचा मोठा बाजार भरतो. पोळा जवळ आला, की गोंडे, घुंगरमाळा, रंगीत कासरे यांच्या गप्पा थेट वर्गापर्यंत येतात. गेल्या वर्षी सगळे आपापल्या बैलाचं कौतुक सांगत होते. एक मुलगा मात्र गप्प. विचारलं, तर हळूच म्हणाला, ‘‘बाई, आमचा बैल विकला. आता ट्रॅक्टरच येतो शेतात.’’

ज्यांच्याकडे बैल नसतो, ते मातीचे बैल पुजतात. मग कागदाचा का नको? चला, करू या!

साहित्य : जुन्या वहीचं कव्हर, कात्री, डिंक, सुतळी, गेरू, हळद आणि एक भेंडी.

कृती : १५ सेंमी रुंद, २० सेंमी लांब तुकडा कापा. कोरी बाजू बाहेर ठेवून घडी घाला. आता तो १५ सेंमी लांब आणि १० सेंमी उंच झाला. घडी म्हणजे बैलाची पाठ. ती कापायची नाही हं! खालच्या कडेला मधोमध ७ सेंमी रुंद आणि ५ सेंमी उंच कमान कापा. झाले चार पाय! पाय थोडे फाकवले, की बैल ऐटीत उभा राहतो.

उरलेल्या कागदातून शिंगांसह डोकं कापा. दोन शिंगांच्या मध्ये एक पट्टी सोडा. तिला मधोमध घडी घाला आणि मागे दुमडून पाठीवर चिकटवा. पाठीवरची छोटी चीर मोठ्या माणसाकडून पाडून घ्या. तिच्यात अर्धगोल कागद खोचला, की वशिंड तयार. सुतळीचं शेपूट लावा.

आता रंग. गेरू आणि हळद वेगवेगळी कालवा. प्रत्येकात थोडा डिंक घाला, म्हणजे रंग सुटत नाही. भेंडी आडवी कापून रंगात बुडवा आणि अंगावर ठसे उमटवा. किती सुंदर फुलं!

त्या मुलानं विचारलं, ‘‘बाई, आमच्या बैलाचं डावं शिंग वाकडं होतं. तसंच करू?’’

‘‘तसंच कर,’’ मी म्हटलं.

पोळ्याला त्याच्या आईनं त्या वाकड्या शिंगाच्या बैलाला हळदकुंकू लावलं, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. दुसऱ्या दिवशी वर्गात सर्वांत जास्त तोच बोलत होता!

तुम्हीही बैल करताना तुमच्या ओळखीचाच करा. त्याचा रंग, कपाळावरचा ठिपका आठवत नसेल, तर आजोबांना विचारा. बघा, ते किती वेळ सांगत बसतात!