आधी प्रश्न, मग उत्तर



आपल्या मंडळातील अनेक घरांत मुले-सुना संगणक क्षेत्रात आहेत. 'डिझाइन थिंकिंग' आणि 'अजाइल' हे शब्द आता जेवतानाही कानी पडतात. आम्हा निवृत्त बँकवाल्यांना दोन्ही एकच वाटत. थोडे वाचल्यावर फरक उमगला, तो येथे मांडत आहोत.

डिझाइन थिंकिंगमध्ये आधी वस्तू वापरणाऱ्याची अडचण समजून घेतात, प्रश्न नव्याने मांडतात, अनेक कल्पना काढतात आणि कच्चा नमुना करून पाहतात. अजाइलचा जाहीरनामा २००१ मध्ये अमेरिकेत १७ जणांनी सॉफ्टवेअरच्या कामासाठी लिहिला. त्यात काम छोट्या टप्प्यांत करतात. प्रत्येक टप्प्याअखेर चालणारी वस्तू ग्राहकाला दाखवायची आणि त्याच्या अभिप्रायावरून पुढचे ठरवायचे.

थोडक्यात, पहिली पद्धत विचारते, 'नेमके करायचे काय?' दुसरी विचारते, 'करता करता सुधारायचे कसे?'

एक उदाहरण पाहू. २००७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांना कमी वजनाच्या नवजात बाळांसाठी स्वस्त इन्क्युबेटर बनवायला सांगितले होते. त्यांच्यातील एक जण नेपाळला गेला. शहरातील रुग्णालयात इन्क्युबेटर रिकामे पडलेले होते, कारण गरजू बाळे दूरच्या खेड्यांत जन्मत होती. तेव्हा प्रश्नच बदलला: वीज नसलेल्या खेड्यात, आईच्या हाती बाळाला ऊब कशी द्यायची? त्यातून गरम केलेल्या मेणासारख्या पदार्थाची पुडी आत ठेवायची, दुपट्यासारखी पिशवी तयार झाली. तिचे नाव 'एम्ब्रेस'.

काम तेथे संपले नाही. महाराष्ट्रातील एका खेड्यात नमुना दाखवला, तेव्हा एक आई म्हणाली की ही औषधे फार कडक असतात, म्हणून ती सांगितल्यापेक्षा कमीच देते. पिशवीही कमीच गरम करेन. मग तापमानाचे आकडे काढून केवळ 'ठीक आहे' एवढेच दाखवणारी खूण ठेवली. बाळाच्या जिवाशी गाठ होती, तेथे ही छोटी सुधारणाही मोलाची ठरली.

म्हणजे दोन्ही पद्धती हव्यात, पण क्रमाने. प्रश्नच चुकला तर टप्प्याटप्प्याने आपण चुकीच्या गावीच पोहोचतो.

आपल्या वाचनालयाचेच पाहा ना. तरुण यावेत म्हणून आपण तीनदा वेळ बदलली. ते का येत नाहीत, हे मात्र त्यांना एकदाही विचारले नाही. येत्या बैठकीत तेवढे विचारू या.