टाय रॉड एंड घरी बदलताय? आधी फेरे मोजा!

दिवाळीत पुण्याहून कारंजाला घरी आलो, तर बाबा म्हणाले, "अरे, स्टेअरिंग ढिलं लागतंय. खड्ड्यात खडखड पण होते." गावात हे चालून जातं. पण कारंजाजवळूनच समृद्धी महामार्ग जातो. ताशी १२० किमी म्हणजे सेकंदाला ३३ मीटर! तिथे ढिलं स्टेअरिंग जिवावर बेतू शकतं.

टाय रॉड एंड म्हणजे काय?

स्टेअरिंग फिरवलं की रॅक डावी-उजवीकडे सरकतो आणि टाय रॉड नावाचा दांडा चाक वळवतो. त्याच्या टोकाला आपल्या खांद्यासारखा गोल सांधा असतो, तोच टाय रॉड एंड. वरचं रबर फाटलं की ग्रीस बाहेर, धूळ-पाणी आत आणि सांधा झिजतो.

फोनने कसं तपासायचं?

सपाट जागेवर हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना विटा लावा. पुढचं चाक उचलून खाली जॅक स्टँड ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका! घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी चाक धरून हलवा. त्याच वेळी भावाला सांध्याचा स्लो मोशन व्हिडिओ काढायला सांगा. आमच्या व्हिडिओत चाक आधी हललं, दांडा मागून. म्हणजे सांधा गेला. १२ आणि ६ वर हललं, तर बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट दाखवून घ्या.

बदलायचं कसं?

१. चाकाचे नट गाडी उचलण्याआधीच थोडे सैल करा. मग चाक काढा.
२. दांड्यावरचा लॉकनट फक्त पाव फेरा सैल करा. तीच तुमची खूण.
३. स्प्लिट पिन आणि नट काढून सांधा पुलरने सोडवा.
४. जुना भाग काढताना पूर्ण फेरे मोजा. मी १९ मोजले आणि फोनमध्ये लिहून ठेवले.
५. नवा भाग तेवढेच फेरे बसवा. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा. स्प्लिट पिन नवीच टाका, लॉकनट घट्ट करा.

काम इथे संपत नाही

फेरे मोजले तरी ते 'बॅकअप रिस्टोअर' आहे, कॅलिब्रेशन नाही. नव्या भागाची लांबी किंचित वेगळी असू शकते. चाकांचा कोन थोडा जरी चुकला, तरी टायर एका बाजूने झिजतो आणि गाडी ओढते. म्हणून हळू चालवत थेट व्हील अलाइनमेंट करून घ्या.

टॉर्क पाना किंवा जॅक स्टँड नसेल, तर सरळ गॅरेजला जा. तपासणी मात्र आजच करा, ती फुकट आहे. बाबांनी अलाइनमेंटची पावती बघितल्यावरच आम्ही समृद्धीवर गाडी घातली.