दाण्यापलीकडची जीवदया

व्यापारी घरांत नव्या वर्षाचा आरंभ दिवाळीच्या वहीपूजनाने होतो. त्याच मुहूर्तावर घरातील मुलांच्या हाती आणखी एक कोरी वही द्यावी आणि तिला ‘पक्ष्यांचा रोजमेळ’ म्हणावे. अंगणात, गच्चीवर अथवा दुकानाच्या पाटीमागे कोणता पक्षी आला, किती वाजता आला आणि काय करीत होता, एवढेच तीत लिहावयाचे. काळही अनुकूल असतो. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबरला व डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबरला येतो. हे दोन दिवस जोडून महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह पाळला जातो.

पाखरांवर दया करावी, हे जैन कुटुंबांना वेगळे सांगावे लागत नाही. मूठभर ज्वारी-बाजरी टाकल्यावाचून कित्येक घरांची सकाळ सुरू होत नाही. मात्र महिनाभर वही लिहिली की मुलांच्याच ध्यानात येते की दाण्यांवर उतरणारे बहुतेक पारवे असतात. थोडे होले, थोड्या चिमण्या, आणि बस्स. बुलबुल, दयाळ, शिंपी, शिंजीर, तांबट हे दाण्याकडे फिरकतही नाहीत. कोणाला फळ हवे असते, कोणाला फुलातील मध, कोणाला किडे. दाणे टिपणारी चिमणीदेखील आपल्या कोवळ्या पिल्लांना आरंभी अळ्या व किडेच भरवते. आपली दया सर्वांवर असते, पण तिचा लाभ एकाच पक्ष्याला पोचतो. शिवाय पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ सतत श्वासात गेल्यास काहींना फुप्फुसांचा विकार जडतो. तेव्हा लहान मुले व वृद्ध असलेल्या घरांनी खिडकीत, गच्चीत पारव्यांची गर्दी वाढू देऊ नये.

इतर पाखरांना काय हवे, हे ऋतू क्रमाने शिकवतात.

हिवाळ्यातील पाहुणे

दिवाळीच्या सुमारास जळगाव-धुळ्याच्या मोकळ्या मैदानांत शेपूट वरखाली हलवीत चालणारा धोबी दिसू लागतो. कुंपणावर शेपूट थरथरवणारा थिरथिरा येतो. नर काळा, पोट व शेपटी तांबूस. मुलांना तो एकदा दाखविला की पुढे तीच आपल्याला दाखवतात. हे पक्षी उत्तरेकडून मोठा प्रवास करून येतात व उन्हाळ्यापूर्वी परततात. एखाद्या रविवारी जळगावकरांनी मेहरूण तलावाकाठी, धुळेकरांनी नकाणे तलावाकाठी जावे. भुसावळच्या बाजूस तापीवरील हतनूर जलाशय आहे. तेथे हिवाळ्यात चक्रवाक व इतर पाणपक्षी पाहता येतात.

याच ऋतूत संक्रांत येते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली आहे. पण साध्या दोऱ्यानेही पंख कापला जातो. पाखरे पहाटे बाहेर पडतात व सांजवेळी परततात. त्या दोन्ही वेळी पतंग उडवू नये आणि दुसऱ्या दिवशी झाडांत, तारांत अडकलेला दोरा काढून घ्यावा. हे काम मुले आनंदाने करतात.

फाल्गुन ते आखाजी

फाल्गुनात पळस व सावर फुलतात आणि मधासाठी साळुंक्या, बुलबुल, शिंजीर यांची झाडावर जत्रा भरते. चैत्रापासून कोकिळाचा आवाज घुमतो. मुलांना सांगावे की ‘कुहू’ करणारा काळा पक्षी नर असतो. मादी तपकिरी, ठिपक्यांची असून ती कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते. भर दुपारी ‘टुक्‌ टुक्‌’ असा तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडल्यासारखा आवाज येतो, तो तांबटाचा. वड, पिंपळ, उंबर यांची फळे हा त्याचा आहार, आणि वाळलेल्या फांदीत कोरलेले बीळ हे त्याचे घर. म्हणून धोका नसेल तर वाळकी फांदी झाडावर राहू द्यावी. घराजवळ जास्वंद लावली तर शिंजीर येतो. कढीपत्त्याची पिकलेली फळे बुलबुल व कोकीळ आवडीने खातात. कुंडीएवढ्या जागेतही पाखरांची सोय होऊ शकते.

आखाजीच्या दिवसांत खानदेशचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. मातीचे उथळ परळ सावलीत ठेवून त्यात एक दगड ठेवावा, म्हणजे लहान पाखराला त्यावर बसून पाणी पिता येते. पाणी रोज बदलावे व भांडे घासावे. आठवडाभर साचलेल्या पाण्यात डासांची पैदास होते. एका जीवाची तहान भागवताना दुसऱ्या जीवांची अकारण उत्पत्ती होऊ नये, ही जयणा मुलांना येथेच शिकविता येते.

चातुर्मासातील विणकर

मृगाच्या आगेमागे पावशा ओरडू लागतो. त्याच्या आवाजात शेतकऱ्याला ‘पेर्ते व्हा’ असे ऐकू येते. पुढे विहिरीवर झुकलेल्या बाभळींना सुगरणीची घरटी लटकू लागतात. जळगावजवळील आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या कवितेने ही सुगरण महाराष्ट्राच्या घराघरांत पोचविली. प्रत्यक्षात विणकाम करतो तो पिवळ्या टोपीचा नर. अर्धे घरटे विणून झाले की मादी ते पाहावयास येते. पसंत पडले तर नर ते पूर्ण करतो, नाहीतर ते तसेच लटकत राहते. अर्धवट टाकलेली घरटी मोजण्याचा खेळ मुलांना फार रमवतो. घरटे मात्र शोभेसाठी तोडून दिवाणखान्यात आणू नये.

वर्षाखेरचा ताळेबंद

लिहून ठेवण्याचे महत्त्व खानदेशाइतके कोणाला पटावे? रानपिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी दिवसाही वावरतो. तरीही १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षे त्याचा खात्रीलायक पत्ता नव्हता. नोव्हेंबर १९९७ मध्ये तो शहाद्याजवळच्या सातपुड्यात, म्हणजे तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, पुन्हा दिसला. नंतर यावल अभयारण्यातही त्याची नोंद झाली. एवढ्या वर्षांत पक्षी कोठे गेला नव्हता. पाहणारे तेथवर पोचले नव्हते.

तीन-चार वर्षांच्या मुलाने केवळ आवाज ओळखावेत, सात-आठ वर्षांच्याने वही लिहावी, आजी-आजोबांनी पाखरांची गावाकडची नावे सांगावीत. पुढील दिवाळीला वहीपूजनाच्या वेळी ही वही उघडावी आणि दोन प्रश्न विचारावेत. गेल्या वर्षी येणारा कोणता पक्षी यंदा आला नाही? आणि ज्याला दाणा नको होता, त्याच्यासाठी आपण काय केले? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जास्वंदीचे एक रोप किंवा न तोडलेली एक फांदी एवढेच असले, तरी त्या घरचे वर्ष नफ्यात गेले, असे समजावे.